डावा हात खिशात

१

आमच्या बाबांचे नियम तीन. उघड्या यंत्रात उजवा हात घातला की डावा हात खिशात. कुठलंही अनोळखी यंत्र पहिल्यांदा लावायचं ते सिरीजच्या दिव्यातून, म्हणजे आत काही बिघाड असेल तर दिवा भगभगतो आणि आपली भुवई शाबूत राहते. आणि दुरुस्त झालेलं यंत्र दिवसभर चालू ठेवून तापवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. बाकी आयुष्यात काय वाटेल ते करा, असं ते म्हणायचे, आणि स्वतःही तसंच वागायचे.

पहिल्या नियमामागचं कारण साधं आहे. दोन्ही हात आत असताना झटका बसला तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत तिला काळीज लागतं. एकच हात असेल तर नुसतं बोंबलून भागतं. बाबा गेले ते म्हातारपणाने, झोपेत. दुकान माझ्याकडे आलं, दुकानाबरोबर त्यांचा एप्रन आला, आणि त्याचा डावा खिसा आधीच माझ्या हाताच्या मापाचा झालेला होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, तिथे आई. आईला ऐकू कमी येतं. कानात घालायचं यंत्र आहे, पण बॅटरी संपेल म्हणून ती ते ड्रॉवरमध्ये जपून ठेवते. जमिनीवर काही पडलं तर मात्र तिला तळपायांतून कळतं आणि आतून ठरलेला प्रश्न येतो, "काय पडलं गं?" मांजरीने उडी मारली तरी हाच प्रश्न.

आणि माझा धाकटा भाऊ. लहानपणी इतका गोल होता की सगळं घर त्याला भोपळ्या म्हणायचं. आता बांबूएवढा उंच आणि बांबूएवढाच बारीक झालाय, पण नाव काही सुटलं नाही. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. घरात वाजवतो तेव्हा गॅसवरचं दूध उतू जातं, इतकं छान. लोकांपुढे मात्र त्याचे हात आखडतात. मागच्या कार्यक्रमात तो स्टेजवर गिटार घेऊन बसला, बोटांकडे बघत राहिला, आणि मग उठून आत निघून गेला. लोकांना वाटलं पाणी प्यायला गेलाय. ते बराच वेळ थांबले बिचारे.

तो भोपळ्या एका सकाळी हातगाडीवर एक मोठं खोकं घेऊन दारात हजर. वर मेणकापड, त्यावर बोटभर धूळ.

"ताई, बघ काय आणलंय!"

"काय आहे हे? कुणाची पेटी उचलून आणलीस?"

"अँप आहे, गिटारचा अँप. व्हॉल्व्हवाला. ते जुनं नाचघर पाडतायत ना, त्याच्या तळघरात होता. ते म्हणाले, घेऊन जा, आमची फेकायची मेहनत वाचेल." मग जरा थांबून म्हणाला, "वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे माझा. हा दुरुस्त करून दे. मी याच्यावरच वाजवणार. आणि तिथेही हात आखडले ना, तर गिटार विकली समज."

हे तो हसत हसत म्हणाला. पण लहानपणी मागच्या झाडावर चढून अडकला होता आणि खालची फांदी कडकडायला लागली होती, तेव्हा त्याने आईला नाही, मला हाक मारली होती. त्याचं कुठलं हसू खरं आणि कुठलं वरवरचं, हे मला चांगलं कळतं. हे वरवरचं होतं.

"आत आण," मी म्हटलं. "आणि पाय पूस."

२

जुन्या यंत्राची ओळख पटवणं हा माझा आवडता उद्योग आहे. पुढे नाव असतं, मागे पत्र्यावर नंबर असतो. ते उडालं असेल तर ट्रान्सफॉर्मरवर शिक्का असतो, व्हॉल्व्ह नावाच्या आतल्या काचेच्या नळ्यांवर छाप असते. अगदी काही नाही तर आतल्या लाकडावर जोडणी करणाऱ्याने खडूने एखादं अक्षर तरी काढलेलं असतं. माणूस बनवतो तिथे बोट उमटवतो.

या खोक्यावर काहीही नव्हतं. खिळ्यांची भोकं नव्हती, म्हणजे नावाची पट्टी कधी लावलीच नव्हती. व्हॉल्व्ह ओळखीच्या घडणीचे, पण काचा कोऱ्या. कापडात गुंडाळलेल्या वायरींवरून वय कळत होतं, गोत्र कळत नव्हतं.

मी स्पीकरवाल्या काकांना बोलावलं. ते फाटलेल्या स्पीकरला नवा कागद बसवून देतात, आणि बाबांच्या वेळेपासून चहाला येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खोक्यात डोकं घातलं.

"पोरी, हे सोल्डर बघ. एकेक डाग कसा मोत्यासारखा बसवलाय. इतकं देखणं काम करणारा माणूस सही केल्याशिवाय राहतो होय?"

"पण केलेली नाहीये ना."

"मग त्याला हे आपलं म्हणायचं नसेल," काका म्हणाले, आणि लगेच, "चहात आलं घातलंयस का आज?"

आणखी एक गोष्ट मला दिसली. आत, डावीकडच्या पत्र्यावरचा रंग चार ठिकाणी गोल गोल झिजला होता. मी हात न टेकवता बोटं त्यावर धरून बघितली. बरोब्बर जुळली. बनवणारा माणूस काम करताना डावा हात आत टेकवून बसायचा, वर्षानुवर्षं. बाबांनी त्याचा कान उपटला असता.

मी कामाला लागले. आधी जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली, अर्थिंग दिलं. जुन्या यंत्रांत विजेच्या तारेपासून पत्र्याकडे जाणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो बिघडला की वीज पत्र्यात उतरते, पत्र्यातून गिटारच्या तारांत, आणि तारांतून वाजवणाऱ्यात. तो मी सगळ्यात आधी कापून टाकला. भोपळ्याच्या हातात जायचं यंत्र होतं. तिथे मला कुठलीच जोखीम नको होती.

३

पहिल्यांदा सिरीजच्या दिव्यातून लावलं. दिवा एकदा उजळला आणि मंद झाला, म्हणजे सगळं ठीक. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. स्पीकरमधून हलकी घरघर यायला लागली, पोट भरलेल्या मांजरीसारखी. जुन्या यंत्राने असा पहिला श्वास घेतला की मला अजूनही हसू येतं. आईला सांगितलं तर म्हणते, लग्न केलं असतंस तर निदान माणसांकडे बघून हसली असतीस.

मग पेन्सिल. कानामागे एक पेन्सिल असतेच माझ्या. तिच्या मागच्या रबराने प्रत्येक व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारायची. चांगला व्हॉल्व्ह गप्प राहतो. आजारी असेल तो टिचकीचा आवाज स्पीकरमधून बाहेर फेकतो.

पहिला गप्प राहिला. दुसऱ्याकडे पेन्सिल नेली.

टक्.

आणि पेन्सिल व्हॉल्व्हला लागली.

मी हात मागे घेतला. पुन्हा पेन्सिल नेली. टक्, आणि मग स्पर्श. फरक पापणी लवण्याएवढा, पण उलट्या बाजूने. आधी आवाज, मग टिचकी.

मी दुपारी भोपळ्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच निघाला. मग स्पीकरवाल्या काकांना फोन लावला.

"काका, आवाज उशिरा येऊ शकतो ना?"

"येतो की. लांबून आला की उशीर होतो."

"आणि लवकर?"

"लवकर फक्त पाहुणे येतात," ते म्हणाले. "झोप पुरी होत नाही का गं तुझी?"

झोप उत्तम होत होती. मी तो व्हॉल्व्ह बदलला, सुकलेले मोठे कपॅसिटर बदलले, घरघर गेली. आता यंत्र न जळता, न वास मारता हवा तितका वेळ चालू राहू शकत होतं. तेव्हा मला ते फक्त चांगलं काम वाटलं.

त्या दिवशी मी ते तासभर चालू ठेवलं आणि खोक्याशेजारी बसून बिस्किट खात होते. स्पीकरमधून आवाज आला. टक्.

पेन्सिल माझ्या कानामागे होती. मी हाताची घडी घातली. म्हटलं, बघू आता कोण जिंकतं. नाहीच मारत टिचकी.

"चहा घेतेस का गं?" आतून आईने विचारलं. मी मान वळवून "हो" म्हणाले, कानामागची पेन्सिल घसरली, सरळ उघड्या खोक्यात पडली आणि नव्या व्हॉल्व्हवर आपटली.

आवाज काही आला नाही. तो आधीच येऊन गेला होता.

४

एवढ्यावर शहाण्या माणसाने खोकं हातगाडीवर घालून परत पाठवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोपळ्याने गिटार जोडली आणि पुढे जे झालं, त्यानंतर मला ते जमलं नाही.

यंत्र तेव्हा दुपारभर तापलेलं होतं. तो स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली. अजून तार छेडलीच नव्हती, आणि स्पीकरमधून त्याच्या धुनेची पहिली ओळ आली. कार्यक्रमात वाजवायची तीच. आखडलेली, चाचपडलेली नव्हे, घरी वाजवतो तशी, सगळ्या वळणांसकट. तो आ वासून ऐकत राहिला. मग त्याची बोटं हलली आणि तीच ओळ त्याने तारांवर वाजवली. तारांचा कोरडा किणकिणाट तेवढा ऐकू आला, कारण स्पीकर पुढच्या ओळीवर गेला होता.

मला वाटलं घाबरेल. कसला घाबरतोय! उडीच मारली त्याने.

"ताई! अगं, हा मला आधीच सांगतोय!"

"काय सांगतोय?"

"की मी नीट वाजवणार आहे. मग आखडायचं कशाला? जे झालंच आहे ते नुसतं करायचं!"

त्याने यंत्राला फसवायचाही प्रयत्न केला. मध्येच थांबायचं ठरवलं, तर स्पीकर आधीच थांबला. मुद्दाम चुकीचा सूर मारायचं ठरवलं, तर चुकीचा सूर आधी स्पीकरने मारला. तो खदखदून हसत होता. आमच्या लक्षात एक गोष्ट आली. जितकं तापेल तितकं ते पुढचं बोलतं. नुकतं लावलं तर पापणीएवढं पुढे, तासभराने काही श्वास, दुपारभराने एक आख्खी ओळ.

"हॉलमध्ये ऐन वेळी लावायचं," मी म्हटलं. "पापणीएवढा फरक कुणाला कळणार नाही."

मग त्याने गिटार तोंडाजवळ धरून तारांखालच्या चुंबकात ओरडून दाखवलं. जुन्या गिटारमध्ये तो चुंबक माणसाचा आवाजही पकडतो. स्पीकरमधून आधी "भोपळ्याचा विजय असो!" आलं, आणि मग त्याने ते तोंडाने म्हटलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आई बाहेर येऊन बघून गेली आणि म्हणाली, "काय ते एकदाच हसून घ्या, जेवण निवतंय."

किती दिवसांनी तो असा हसला होता. ते हसू खरं होतं. मी ठरवलं, कारण सापडलं नाही तरी चालेल, यंत्र इथेच राहणार.

५

राहिला बाबांचा तिसरा नियम. दिवसभर तापवणं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मी सकाळीच अँप लावला. गिटार जोडून स्टँडवर ठेवली, कारण यंत्र तपासायचं तर पूर्ण जोडणीनिशी. भोपळ्या कामावर, आई स्वयंपाकघरात. मी शेजारच्या टेबलावर एका पंख्याची मोटर बांधत बसले. ऊन खिडकीतून आलं, फरशीवरून सरकत गेलं. दिवसभर स्पीकरमधून काही आलं नाही.

ऊन दारापाशी पोचलं तेव्हा भोपळ्याची धून सुरू झाली.

मी स्टँडकडे बघितलं. तारा स्तब्ध होत्या, एका तारेवर धुळीचा कण बसला होता तो तसाच होता. धून दुसऱ्या ओळीत गेली. मग तार तुटल्याचा आवाज आला, फटकन. लगेच काहीतरी जड, मऊ जमिनीवर पडल्याचा आवाज.

आणि मग माझा आवाज. "भोपळ्या!"

स्वतःचा आवाज यंत्रातून आला की माणूस म्हणतो, छे, हा माझा नाही. मी तसं म्हणाले नाही. मी तशी ओरडलेली मला आठवत नव्हती, एवढंच. आणि त्या आवाजामागून, लांबून, आईचा, "काय पडलं गं?"

मी धावत आत गेले. आई वाटाणे सोलत होती. काही बोलली नव्हती.

परत येऊन मी अँप बंद केला आणि सगळं उघडलं. अर्थिंग तपासलं, पुन्हा तपासलं. पत्र्यावर वीज नाही, गिटारवर नाही. धोकादायक कपॅसिटर मी काढलेला, तो डब्यात पडलेला डोळ्यांनी बघितला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला बजावलं. तरी एकच स्क्रू मी तीनदा काढून बसवला.

संध्याकाळी म्हटलं, "भोपळ्या, दुसरा एखादा अँप बघू या का? काकांकडे एक आहे."

त्याने गिटारकडे बघितलं. "बघ की," म्हणाला. काकांचा अँप मी त्याच संध्याकाळी आणवला. भोपळ्या स्टुलावर बसला. समोर फक्त मी आणि काका. त्याने बोटं तारांवर ठेवली आणि ती तिथेच राहिली. काका दोनदा खोकले. मग भोपळ्या उठून आत गेला, पाणी प्यायला.

६

सगळी रात्र मी तळमळले आणि सकाळी दात घासताना युक्ती सुचली. यंत्र कधी चुकत नाही ना? मग ते बोललं ते होऊन जाऊ दे. पण कसं होईल हे त्याने कुठे सांगितलंय? त्याने फक्त आवाज दिलेत. आवाज आपण करू. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

"ही शेवटची चाचणी," मी भोपळ्याला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. "तू धून वाजव. दुसऱ्या ओळीत मी पक्कडीने तार तोडीन. मग तू ही बटाट्यांची गोणी ढकलून दे."

"बटाट्यांची?"

"धक्क्याने व्हॉल्व्ह सैल होतात का ते बघायचंय."

"आणि मग?"

"मग मी तुझ्या नावाने ओरडीन."

"ते तू रोजच ओरडतेस," तो म्हणाला, पण गोणी स्टुलावर चढवून ठेवली. अँप मी सकाळपासूनच लावला होता. आवाज चालू यंत्रात शिरायला हवेत, अर्धवट काम नको. तो कामावरून येऊन सगळी तयारी होईपर्यंत दिवेलागण झाली.

त्याने वाजवायला सुरुवात केली. स्पीकर गप्प होता, हे त्याचं देऊन झालं होतं. दुसरी ओळ. मी पक्कड दाबली, तार फटकन तुटली. त्याने पायाने गोणी ढकलली, ती धप्पकन पडली, बटाटे सगळ्या दुकानभर. एक घरंगळत माझ्या पायाशी आला, आणि मी गिटारवर वाकून सगळी भीती एका दमात बाहेर काढली. "भोपळ्या!"

माझा जीव स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला.

"काय पडलं गं?" आतून आई.

मी बटाट्यांत बसले आणि हसायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फिटलं! सगळं फिटलं. भोपळ्याही हसत होता. आई दारात आली, बटाटे बघितले आणि म्हणाली, "सगळे धुवून द्यायचे हं मला." मग तिने भोपळ्याच्या हातात चहा ठेवला. तो कप ओठांना लावून घोट घेत होता.

स्पीकर मोकळा होता. आम्ही आत्ता जे केलं ते त्याचं आधीच बोलून झालं होतं, आणि तो सकाळपासून तापत होता, आदल्या दिवसापेक्षाही जास्त वेळ. हा हिशोब मी आधी करायला हवा होता. बाबांच्या सवयीने मी त्याला दिवसभर चालू ठेवलं होतं.

टक्, स्पीकर म्हणाला. टक्. मग एक बारीक चर्र.

मग "ताई!"

भोपळ्याचा आवाज. कप त्याच्या तोंडाला होता, चहा घशाखाली जात होता. आणि ती हाक साधी नव्हती. झाडावरून मारली होती ती हाक. फक्त त्या वेळी फांदी त्याच्या पायाखालची कडकडत होती, आणि आता तो घाबरला होता तो स्वतःसाठी नाही, एवढं मला त्या एका शब्दातून कळलं.

मी उठून स्विच बंद केला.

"काय म्हणाला तो?" भोपळ्याने कप खाली घेत विचारलं.

"काही नाही. एक व्हॉल्व्ह जरा सैल आहे. पेन्सिल लावावी लागेल कधीतरी."

७

हॉलमधला कार्यक्रम असा झाला की अजून लोक बोलतात. अँप ऐन वेळी लावला. भोपळ्याने डोळे मिटले, पापणीएवढा आधी स्वतःचा सूर ऐकला, आणि त्याच्या मागे मागे चालत गेला. कुठे अडखळला नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मात्र चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्याच दुकानात नंबर तपासायला आल्या. नंबर तोच निघाला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काका माझ्या कानात ओरडले, "कोणी बनवलाय ते कळलं का?" मी नाही म्हटलं. मला फार आनंद झाला होता. माझ्या भावाला मी एवढं सरळ पाठीने उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. टाळ्या मला एका हाताने वाजवता येईनात म्हणून मी उजवी मूठ मांडीवर आपटत होते. डावा हात खिशात होता. केव्हा गेला ते आठवत नाही.

तेव्हापासून मी या नव्या आवाजांसाठीही तीच जुनी युक्ती करून बघते आहे, पुन्हा पुन्हा. अँप लावायचा, लगेच बंद करता येईल असा, फार तापू द्यायचा नाही. मी बंद खोक्यावर बाहेरूनच पेन्सिल वाजवते, टक् टक्, एक पेटती वात ओल्या पक्कडीने विझवते, चर्र, आणि भोपळ्याला सांगते, मार हाक. चुंबकाजवळ तोंड नेऊन.

"ताई!" तो म्हणतो.

"तशी नाही. झाडावरून मारली होतीस तशी."

"ताई!" आणि फस्सकन हसतो. त्याला वाटतं त्याच्या भीतीवर हा माझा काहीतरी उपाय आहे, आणि तो लागू पडला म्हणून मी तो चालू ठेवलाय. पोटातून ओरडतो, डोळे मोठे करतो, नाटक करतो. पण त्याचा आवाज आता तसा जातच नाही. किती खूश आहे तो! प्रत्येक हाकेत ते कळतं. मी त्याला रागावते, आणि मनातून मला ते ऐकत राहावंसं वाटतं.

कारण सांगितलं तर एका दमात बरोबर जमेल त्याला. पण मग त्याची बोटं पुन्हा तारांवर तशीच राहतील. नाही सांगणार.

८

आज दुपारी तो बाहेरच्या दौऱ्याची बातमी घेऊन आला. लांबचे हॉल, मोठे हॉल. दारातूनच आईला उचलून गोल फिरवलं. आईने कानातलं यंत्र ड्रॉवरमधून काढून चक्क कानात घातलं, म्हणजे बघा. मग तो दुकानात आला, गिटार गळ्यात अडकवली आणि अँपचा स्विच दाबला. गेलेली घरघर परत आली आणि तिच्यात एक किणकिण यायला लागली.

"ताई, दुसरा व्हॉल्व्ह वाजायला लागलाय गं. असा घेऊन कसा जाऊ? बघतेस ना जरा?"

"बघते," मी म्हटलं. "तू तिकडे लांब उभा राहा."

"का?"

"उजेड अडतोय माझा."

मी मागची फळी उघडली. व्हॉल्व्ह नारिंगी, शांत. डावीकडच्या पत्र्यावर ते चार गोल. त्यांच्या शेजारी अंगठ्याच्या जागी आता पाचवा दिसत होता, ताजा, आतला पत्रा चमकत असलेला. पहिल्या दिवशी तो होता की नाही, हे मला काही केल्या आठवेना.

भोपळ्या आईला सांगत होता की तिथे समुद्र दिसतो, तुला पण नेणार. आई म्हणत होती, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला.

मी डावा हात खिशात घातला, अगदी तळापर्यंत, आणि कानामागची पेन्सिल काढली.

टक्, स्पीकर म्हणाला.